नकाराधिकार, व्हेटो आणि अडकलेली पाकळी

मुलीच्या नागरिकशास्त्राच्या वहीत 'राष्ट्रपतींचा खिशातील नकाराधिकार' असे वाचले आणि अडखळलो. खिशात रुमाल असतो, फार तर सुटे पैसे. 'नकाराधिकार', म्हणजे व्हेटो, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला शोभतो. पाच कायम सदस्यांपैकी एकाने नाही म्हटले की ठराव पडला. पण आपले राष्ट्रपती विधेयक परत पाठवतात, संसद तेच पुन्हा मंजूर करते आणि मग संमती द्यावीच लागते. २००६ साली लाभाच्या पदांच्या विधेयकावर कलामांचे हेच झाले. याला नकार म्हणायचे? जाणकारांनी सांगावे, मराठीत योग्य शब्द कोणता?

— 'व्हेटो' मूळ लॅटिन, अर्थ 'मी मना करतो'. रोममध्ये सामान्यांचे प्रतिनिधी असलेले ट्रिब्यून या अधिकाराने सरकारी काम अडवत. म्हणजे आपल्या 'मनाई'च्या जवळचा. गंमत अशी की अमेरिकेच्या राज्यघटनेत हा शब्द कुठेच नाही आणि आपल्याही कलम १११ मध्ये नाही. तिथे तीनच गोष्टी: संमती देणे, ती रोखणे, किंवा धनविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवणे. परत पाठवण्याला मी 'फेरविचाराधिकार' म्हणेन. जिभेला जड आहे, कबूल.

— आणि खिशाचे काय? अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला रविवार सोडून १० दिवस मिळतात. सही नाही केली तरी विधेयकाचा कायदा होतो. मात्र तेवढ्यात काँग्रेसचे अधिवेशन आटोपले तर विधेयक मेले. तो खिसा. आपल्या कलमात मुदतच घातलेली नाही, त्यामुळे आपला खिसा जास्त खोल. १९८६चे टपाल विधेयक राष्ट्रपती झैलसिंगांनी सही न करता, परतही न पाठवता तसेच ठेवले. मराठीत याला सरळ 'भिजत घोंगडे' म्हणतात!

— गोव्यातल्या फोंडा महालातला माणूस म्हणून सांगतो, आमच्याकडे हे सगळे देवळात आहे. देवाला प्रसाद लावतात, म्हणजे कौल मागतात, तेव्हा ओल्या पाकळ्या मूर्तीवर चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कधी कधी पाकळी हलतच नाही. भटजी गाऱ्हाणे घालतायत, यजमान घाम पुसतोय, बायका घड्याळ बघतायत, आणि पाकळी तिथेच. झैलसिंगांचे विधेयक म्हणजे ती अडकलेली पाकळी. खिशापेक्षा 'अडकलेला कौल' म्हणा.

— नको हो. गोव्यात कौल म्हटले की आधी १९६७चा महाराष्ट्रात विलीनीकरणाबाबतचा जनमत कौल डोळ्यांसमोर येतो, नाहीतर छपरावरची मंगळुरी कौले. शिवाय कौल लोकप्रतिनिधींचाही असतो, तो राष्ट्राध्यक्षाचा नकार उलटवतो. अमेरिकेत त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. पोर्तुगालमध्ये बहुतेक कायद्यांना एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक पुरतात. २०२३ साली इच्छामरणाचा कायदा राष्ट्राध्यक्षांनी अडवला, संसदेने पुन्हा मंजूर केला, त्यांना जारी करावा लागला. एकट्याची डावी पाकळी तिथे फार टिकत नाही.

— मूळ प्रश्न विचारणारा मीच. 'भिजत घोंगडे' मला पटले, 'अडकलेली पाकळी' त्याहून आवडली. मुलीला दोन्ही वाचून दाखवले. ती म्हणाली, बाबा, दोन गुणांचा प्रश्न आहे, मी 'पॉकेट व्हेटो'च लिहिणार.