थंडीत बडवाह-मंडलेश्वरला गळ टाकण्यात अर्थ आहे का? बाडस (नर्मदेतला महसीर मासा) आहे की संपला?

गळवाला_इंदूर
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत माझा आतेभाऊ नाशिकहून येतोय आणि त्याला राजवाडा, सराफा काहीच नकोय, डोक्यात एकच, नर्मदेतला महसीर. रॉड, रील, स्पून (धातूचं चमकणारं खोटं आमिष) सगळं सामान घेऊन येतोय. मी आपला देपालपूरकडच्या तलावांवर कणकेच्या गोळीने रोहू-मृगल काढणारा माणूस, बाडसच्या वाटेला कधी गेलो नाही, त्यामुळे त्याला घेऊन नक्की कुठे उभं राहायचं तेच कळत नाहीये. नर्मदेच्या बडवाह ते मंडलेश्वर या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पाणी कसं असतं, मासा हलतो का तळाला जाऊन बसतो, आणि यंदाच्या पावसानंतर बाडस वर आलाय असं कोणी पाहिलंय का? मोरटक्क्याची म्हातारी माणसं भलेमोठे बाडस सांगतात, पोरं म्हणतात काका आता विसरा. खरं काय?

नावघाट_बडवाह
दादा थंडीचं सोडा, इथे आधी टर्बाइन बघायचं. वरच्या ओंकारेश्वर धरणावर ६५-६५ मेगावॅटच्या आठ मशिनी आहेत, एकूण ५२०, आणि विजेची मागणी वाढली की जास्त मशिनी चालतात, मागणी उतरली की बंद, त्या हिशोबाने खाली आमच्याकडे पाणी चढतं-उतरतं. सकाळी ज्या खडकावर बसून तुम्ही चहा प्यायलात तो दुपारी दिसणार पण नाही. मासाही त्याच हिशोबाने वागतो. पाणी चढायला लागलं की डोहातून निघून काठच्या दगडांवर येतो, तिथे शेवाळ, किडे, शंख असं खाणं मिळतं त्याला, आणि उतरायला लागलं की परत खोलात. म्हणून मी काठाला एक काडी रोवून ठेवतो, पाणी काडीवर चढायला लागलं की रॉड हातात घ्यायचा, तोवर गप्पा.

थंडीतलं पाणी एकदम काचेसारखं, गाळ सगळा वर धरणात बसतो ना. दिसायला छान पण गळवाल्याची पंचाईत, कारण तुम्हाला मासा दिसतो त्याच्या आधी त्याला तुम्ही दिसता. पांढरा शर्ट नको, उन्हाकडे पाठ करून उभं राहू नका, सावली पाण्यावर पडली की खेळ खलास. लाइन बारीक ठेवा. आणि पहाटे पाचला इंदूरहून निघायची काही गरज नाही, जानेवारीत इंदूरचा पारा दहाच्या खाली गेला की सकाळी मासा सुस्तच असतो, आरामात पोहे खाऊन निघा, ऊन चांगलं तापल्यावर ते संध्याकाळपर्यंत हीच वेळ. स्पून हळू फिरवा, थंडीत तो पाठलाग करत नाही फार.

एक मात्र हात जोडून सांगतो, नदीच्या मधल्या खडकांवर जाऊन बसू नका. सायरन वाजला की लगेच काठ. एप्रिल २००५ ला धाराजीला अमावस्येच्या जत्रेत लोक नदीत होते आणि वरून इंदिरा सागर धरणाचं पाणी आलं, साठाहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे अजून लोक ती रात्र काढतात बोलण्यात.

कुंडी_आणि_डोह
नावघाटवाल्या भाऊंचं पाण्याचं म्हणणं बरोबर आहे पण मूळ प्रश्नात एक गडबड आहे. "थंडीत वर आलाय का" असं विचारताय, पण बाडस थंडीत वर येतच नाही. तो काही समुद्रातून येणारा मासा नाही, आयुष्यभर नदीतच असतो, पावसाळ्यात पूर आला की उपनद्यांमध्ये चढतो, चोरलसारख्या, जिथे पाणी उथळ, स्वच्छ, वाहतं आणि खाली बारीक खडी, तिथे अंडी घालतो, तीही एकदम नाही, थोडी थोडी करून. पाऊस सरला की परत मोठ्या नदीतल्या डोहात उतरतो. म्हणजे थंडीत तुम्हाला जो मिळेल तो परतून खाली आलेला मासा. यंदा किती आले हे बघायचं असेल तर डोहात रॉड टाकून कळणार नाही, चोरलच्या उथळ पाण्यात बोटभर पिल्लं आहेत का ते बघा.

आणि बाडस कमी झालेत त्याचं कारण थंडी नाही की गळवाले नाहीत. १९६० च्या आसपास होशंगाबादकडच्या पकडीत पावपेक्षा जास्त हिस्सा एकट्या बाडसचा असायचा, त्या काळच्या सरकारी मत्स्य सर्वेक्षणात आहे हे. नंतर वर बरगी धरण, मग इंदिरा सागर, २००७ ला ओंकारेश्वर, प्रत्येक भिंतीने नदीचा एक तुकडा कापला, आणि माशाला भिंत चढायला जिना कुठे आहे? खालून सरदार सरोवर, २०१९ च्या सप्टेंबरला पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटर भरलं तेव्हा बडवानीचा राजघाट गेला, चिखल्दा गेलं, आणि माशाच्या बाजूने बघाल तर तिथपर्यंत नदीचा तलाव झाला. तलावात कटला-रोहू मजेत राहतात, बाडसला धार लागते. मग उरलं काय, तर ओंकारेश्वरच्या भिंतीपासून त्या फुगवट्यापर्यंतचा वाहता तुकडा, त्यातही मध्ये मंडलेश्वरचं ते अर्धवट धरण. वर रेतीवाले उपनद्यांच्या तोंडाशी खडी-रेती उपसतात, म्हणजे अंडी घालायची जागाच ट्रॉलीत भरून बांधकामावर जाते. मध्य प्रदेशचा राज्य मासा म्हणून २०११ ला जाहीर केला आपण, छान केलं.

सयाजीगंज_वडोदरा
इंदूरवाल्यांनो, समुद्रातून येणाऱ्या माशाचं विचाराल तर ते दुखणं आमच्याकडे. भरूचला पावसाळ्यात नर्मदेचं गोडं पाणी समुद्रात जोरात गेलं की हिल्सा त्या वासावर वर चढायचा, माझ्या सासरी बंगाली शेजारी त्या दिवसांची वाट बघत बसायचे. आता वरून गोडं पाणी कमी येतं, मासळी खूप घटलीय, आणि त्यात भाडभूतला नदीच्या तोंडाशीच बॅराज होतोय, तिथले मच्छीमार किती वर्षं ओरडतायत. तुमचा निदान डोहात तरी आहे.

बंड्या_सुदामानगर
भिया इतकं रडायचं कशाला, लोणावळ्याला टाटांची महसीरची हॅचरी आहे ना वळवणला, किती वर्षं पिल्लं काढतायत. पाच-दहा लाख आणून सोडून द्या नर्मदेत, दोन-तीन वर्षांत आपला आतेभाऊ खूश.

कुंडी_आणि_डोह
@बंड्या नको रे बाबा. लोणावळ्याचा तो खुद्री जातीचा महसीर, निळसर परांचा, आपला नर्मदेतला टोर टोर (बाडसचं शास्त्रीय नाव) वेगळा. हाच प्रयोग कावेरीत झालाय. तिथे लोणावळ्याच्या हॅचरीचा खुद्री सोडला, तो तिथे फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला मोठा महसीर त्याच्यापुढे मागे पडत गेला, २०१८ ला तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. फोटो काढणाऱ्यांना काही फरक नाही, महसीर तो महसीर. सोडायचाच असेल तर नर्मदेच्याच माशाचं बीज हवं, आणि बीज सोडून खडी उपसत राहिलात तर ते बीज मोठं होऊन अंडी कुठे घालणार?

गळवाला_इंदूर
बापरे, मी फक्त कुठे उभं राहू एवढंच विचारलं होतं 😄 पण बरं झालं. आतेभावाला हा धागा पाठवला, तो म्हणतो सोडूनच देणार होतो, फक्त एकदा हातात धरायचाय. त्याचे हुक तीन काट्यांचे आहेत, चालतील का? आणि परवानगीचं काय?

नावघाट_बडवाह
तीन काट्यांचे काढून टाका, एकच हुक लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे सोडताना तोंड फाटत नाही. लागला तर घाई करू नका पण फार दमवूही नका, काठावर ओढून दगडांवर आपटू देऊ नका, पाण्यातच धरा, हात आधी ओले करा, कल्ल्यात बोटं घालून लटकवायचा नाही. फोटो पाण्यातच काढा. मोठे असतात ते बहुतेक माद्या असतात, एक मेली की पुढच्या पावसाची अंडी गेली.

१६ जून ते १५ ऑगस्ट बंदी असते, डिसेंबरात तो प्रश्न नाही, पण इंदिरा सागरसारख्या मोठ्या जलाशयांत मासेमारी मत्स्य महासंघाकडे आहे आणि नदीतही कुठला तुकडा कुणाच्या समितीकडे आहे ते वेगवेगळं, म्हणून निघण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्य विभागात विचारून लेखी घ्या. घाटांवर रॉड काढूच नका, ओंकारेश्वर काय किंवा महेश्वर काय, लोक तिथे माशांना कणकेच्या गोळ्या घालतात भक्तीने, तुम्ही तीच गोळी हुकाला लावून बसलात तर मार खाल आणि मी मध्ये पडणार नाही.

घाटापासून लांब, जिथे खडकाच्या टोकाला धार वळून डोहात पडते तिथे धार आणि संथ पाण्याच्या सीमेवर टाका. आतेभावाला आधीच सांगून ठेवा, बाडस नाही लागला तर पढिन किंवा शिंगाडा (दोन्ही मिशावाले मासे) लागेल संध्याकाळच्या वेळी, ते पण रॉड चांगला वाकवतात.

बंड्या_सुदामानगर
पढिनचे दात सांभाळा, पुढे वायर लावा लाइनला. आणि भेरूघाटात रात्री धुकं असतं, अंधाराच्या आत घाट चढून या.