स्टार्ट होऊन दोन सेकंदांत बंद, चावीचा दिवा लुकलुकतो. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायचा का?

खाडीकाठ_देवगड
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. २०१५ ची डिझेल हॅचबॅक आहे, घरासमोर आंब्याखाली उभी असते. मिरग लागल्यापासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन लागतं, दोन सेकंद चालतं आणि कोणीतरी स्विच काढल्यासारखं बंद, मीटरमध्ये चावीचा दिवा लुकलुकत राहतो, आणि दुपारी ऊन पडलं की तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू. सेंट्रल लॉकपण मधेच काम करत नाही पण ते किरकोळ आहे. दुसरी चावी लावून बघितली, तेच. बॅटरी मार्चमध्येच नवीन घातलीय. कणकवलीत एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, इंजिनमध्ये यू०१६७ हा फॉल्ट कोड आला, पुसला तरी लगेच परत येतो. ते म्हणतात ईसीएम गेला, ३८ हजार. बाबांना दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागतं त्यामुळे गाडी पाहिजेच, पण एवढे पैसे घालून परत तेच झालं तर काय करू?

चावीकाम_मालवण
दोन्ही चाव्यांना तेच होत असेल तर चावीचा संशय सोडा. चावीतल्या चिपला सेल लागत नाही, इग्निशनभोवती कॉइल असते तिच्या १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवरच ती जागी होऊन आपला नंबर सांगते, म्हणून रिमोटचा सेल मेला तरी गाडी लागते. चावी ओळखली गेली नसती तर बहुतेक पी०५१३ सारखा कोड आला असता. यू०१६७ म्हणजे ईसीएम सांगतोय की मला इमोबिलायझरकडून, म्हणजे चावी ओळखून इंजिनला चालू राहू देणाऱ्या भागाकडून, निरोपच येत नाहीये. तक्रार करणारा ईसीएम आहे आणि गॅरेजवाले त्यालाच बदलायला निघालेत. थांबा जरा, पैसे भरू नका.

तारतपास_रत्नागिरी
वर लिहिलंय ते बरोबर. मी गाड्यांचं वायरिंगच करतो, पावसाळ्यात अशा गाड्या येतातच. साधा हिशोब बघा, स्कॅनरला ईसीएमने उत्तर दिलं ना? मग त्याला सप्लाय आहे, अर्थिंग आहे आणि कॅनच्या तारा, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा, तिथपर्यंत शाबूत आहेत. गप्प आहे तो दुसरा. तुम्ही सेंट्रल लॉक किरकोळ म्हणून सोडून दिलंत, मला तर तीच खरी खूण वाटते, कारण बऱ्याच गाड्यांत लॉक आणि इमोबिलायझर एकाच बॉडी मॉड्यूलमध्ये (लॉक, लाइट वगैरे सांभाळणारा कॉम्प्युटर) असतात. सकाळी गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनरने बॉडी मॉड्यूल उघडतोय का, म्हणजे उत्तर देतोय का बघा.

नसेल उघडत तर बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा आणि ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात तो) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास यायला हवेत, कॅन लाइनच्या दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात म्हणून. १२० आले तर एका टोकाकडची तार तुटलीय, शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, उंदरांनी कुरतडल्या की असं होतं.

६० आले तर निगेटिव्ह परत जोडा आणि मॉड्यूलचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थिंग बघा. अर्थिंग ओहमवर मोजू नका हे कळकळीने सांगतो, गंजलेला बोल्टपण मीटरवर ठीकच दिसतो कारण मीटरचा करंट एवढासा, खरा लोड आला की तोच बोल्ट व्होल्टेज खातो. स्विच ऑन, लाइट ऑन, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मॉड्यूलच्या अर्थिंगच्या पिनला कनेक्टरच्या मागून. ०.१ व्होल्टच्या वर गेलं की तिथेच गडबड. तार टोचून मोजायची नाही, इन्सुलेशनला भोक पडलं की आपल्याकडची खारी हवा आत जाते आणि काही महिन्यांनी तांब्याची हिरवी भुकटी होते.

आणि गाडी आंब्याखाली असते म्हणालात, समोरच्या काचेखालची जाळी उघडून पाणी जायची भोकं बघाच.

वेंगुर्ल्याचो
कोण जुनो ईसीएम स्वस्तात देतंय म्हणालो तर घेव नको रे भावा. त्येच्यात दुसऱ्या गाडीच्या इमोबिलायझरचो कोड असता, कोडिंग केल्याशिवाय इंजिन चालू रव्हचा नाय.

खाडीकाठ_देवगड
मंडळी, सापडलं! काल रात्रभर पाऊस होता म्हणून आज सकाळीच ओळखीच्या वायरमनला स्कॅनर घेऊन घरी बोलावलं. बॉडी मॉड्यूल उघडतच नव्हता, ६ आणि १४ मध्ये ६१ ओहम, फ्यूज चांगला, आणि अर्थिंगवर ३.६ व्होल्ट! डाव्या बाजूला पायाजवळचं प्लास्टिक काढलं तर आतला अर्थिंगचा बोल्ट हिरवा-पांढरा झालेला, लग (तारेच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी) हाताने हलत होता. घासून पत्रा चकचकीत केला, नवीन लग लावला, वरून व्हॅसलीन, आता ०.०२ व्होल्ट. यू०१६७ पुसल्यावर परत आला नाही, लॉकपण चालतंय. काचेखालून ओंजळभर कुजलेली आंब्याची पानं निघाली, पाणी तिथून आत उतरत होतं. खर्च ७०० रुपये. बाबांना आल्या आल्या सांगितलं. एकच विचारायचं राहिलं, कार्पेट वरून दमट लागतंय, ते काढावं लागेल का?

तारतपास_रत्नागिरी
वा, बरं वाटलं वाचून. हो, काढाच, खालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि पावसाळ्यात आपोआप वाळत नाही. सीट काढून कार्पेट घरात पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा, आणि बसवायच्या आधी तोच अर्थिंग एकदा परत मोजा.