सँड्रोकोटस बाजूला ठेवून पाहू
ग्रीक लेखकांनी अलेक्झांडरच्या काळातला म्हणून सांगितलेला भारतीय राजा सँड्रोकोटस म्हणजे चंद्रगुप्त मौर्य नव्हे, तर गुप्तवंशातला चंद्रगुप्त, म्हणून पुराणातल्या वंशावळींप्रमाणे मौर्यकाळ हजारभर वर्षं मागे न्या, असं काहीजण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. सँड्रोकोटस घटकाभर बाजूला ठेवू. डेहराडूनजवळ कालसीला अशोकाचा तेरावा शिलालेख आहे. त्यात 'अंतियोगे नाम योनलाजा' असं कोरलंय म्हणजे 'अंतियोक नावाचा ग्रीक राजा' (तिथल्या बोलीत 'र'चा 'ल' होतो, म्हणून 'राजा'चं 'लाजा'). त्याच्या पलीकडचे आणखी चार राजे नावानिशी येतात. त्यातला तुलमय म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी, इ.स.पू. २४६ मध्ये वारलेला. मका हा सायरीनीचा (उत्तर आफ्रिकेतल्या ग्रीक राज्याचा) राजा मगस, तोही साधारण इ.स.पू. २५० पर्यंतचा. अशोकाला मागे ढकलायचं, तर या पाचही जणांना एकत्र ढकलावं लागेल. पुराणातल्या वंशावळी मोलाच्या आहेतच, पण समकालीन घराणी त्यांत एकापुढे एक मांडली गेली की वर्षं फुगतात.