ब्राउझर बंद असतानाही येणारे ‘व्हायरस’चे इशारे कसे थांबवावेत?

प्रश्न (खानापूर):
शेताचा उतारा मोबाईलवर शोधताना वडिलांसमोर भलतेच पान उघडले आणि ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे आले. त्यांनी ते दाबल्यापासून ‘फोनमध्ये व्हायरस आहे, त्वरित साफ करा’ असे इशारे दिवसभर येतात. अँटीव्हायरसला काहीच सापडत नाही. दुकानदार फोन फॉरमॅट करावयास सांगतो. ते आवश्यक आहे काय?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव):
मुळीच नाही. त्या बटणामुळे संबंधित संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मिळाली असून, ती काढून घेईपर्यंत, पान उघडे असो वा नसो, ब्राउझर त्यांचे निरोप पोहोचवत राहणार; अँटीव्हायरसला काही सापडत नाही ते यामुळेच. इशाऱ्यातील मजकूर सोडा, ‘क्रोम’ या नावालगत बारीक अक्षरांत संकेतस्थळाचा पत्ता असतो तो टिपून घ्या. मग क्रोमची तीन टिंबे, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जाऊन त्या पत्त्याची परवानगी बंद करा. अशा पानांमागून आणखी पत्ते चिकटलेले असतात, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचा. माणूस असल्याच्या खऱ्या पडताळणीला नोटिफिकेशनची परवानगी कधीच लागत नाही, हेही वडिलांना सांगून ठेवा.

उत्तर (निपाणी):
एवढा खटाटोप कशाला? फोनच्या सेटिंग्जमधून क्रोमच्या सगळ्याच नोटिफिकेशन्स बंद कराव्यात. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर मी हेच करतो.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव):
त्याने डाउनलोड झाल्याची सूचनाही दिसेनाशी होते, आणि उतारा उतरवून घेणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. त्यापेक्षा त्या यादीच्या वरचे मुख्य बटण बंद करावे, म्हणजे नवे संकेतस्थळ परवानगी विचारणारच नाही. शेजारच्या ‘पॉप-अप आणि रीडायरेक्ट’मध्येही मनाई आहे ना, ते पाहावे.

उत्तर (चिकोडी):
इशाऱ्यावर बोट ठेवून वडिलांनी एखादे अ‍ॅप घेतले किंवा कार्डाचा तपशील, ओटीपी दिला काय, हे न रागावता विचारा; रागावलात तर खरे कळणार नाही. अ‍ॅप घेतले असल्यास काढून टाका. तपशील दिला असल्यास बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवा. ‘भूमी’ या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळाचे पान कानडीत दिसले की आपली मंडळी मराठी अक्षरांच्या शोधात दुसरीकडे वळतात, आणि तिथेच फसतात. शेवटी ‘कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन’ असलेला सरकारी पत्ता एकदा तुम्हीच उघडून त्यांच्या होम स्क्रीनवर ठेवून द्या.