वजन 48, तरी गरोदरपणात शुगर? चरबीतल्या जनुकांचा काय संबंध?

सांगलीकरीण:
सव्विसावा आठवडा चालू आहे. 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी शुगर 156 आली. दिवस राहण्याआधी माझं वजन 48, उंची पाच फूट दोन. माहेरी कुणालाच डायबेटिस नाही. सासूबाई म्हणतात, डोहाळ्यांचे पेढे भोवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चरबीच्या पेशींतली जनुकं वेगळी वागतात, तुमचा दोष नाही," आणि लगेच पुढची पेशंट आत! माझ्या अंगावर चरबी आहेच कुठे? आणि जनुकांतच असेल तर बाळालाही होणार का?

प्रयोगशाळेतला उंदीर:
मी बायोकेमिस्ट्री शिकवतो, डॉक्टर नाही. औषधपाण्याचं त्यांनाच विचारा.

वार (प्लासेंटा) वाढली की तिची हार्मोन्स आईच्या शरीरावरचा इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात, म्हणजे साखर बाळाला मिळते. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून भागवतं. ज्यांचं भागत नाही, त्यांची शुगर चढते.

चरबी नुसती साठत नाही, ती हार्मोन्सही सोडते. अ‍ॅडिपोनेक्टिन हे त्यातलं इन्सुलिनला मदत करणारं; गरोदरपणातल्या या डायबेटिसमध्ये ते कमी पडतं. सिझेरियनच्या वेळी घेतलेल्या चरबीच्या नमुन्यांत पीपीएआर-गॅमाचं जनुकही मंदावलेलं सापडलंय. हा तिथला मुकादम: कुठल्या जनुकांनी कामाला लागायचं ते ठरवणारा. यातले बरेच नमुने स्थूल बायकांचे होते, तुमच्यासारख्यांचे नव्हेत, हे मात्र विसरू नका.

पण बारीक म्हणजे चरबी नाही, असं नसतं हो! पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो शोधा. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3. चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही तशीच: जन्मतः सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधली 3.5. आपली बाळं सगळीकडून लहान, चरबीत मात्र फारशी मागे नाहीत.

बाळाचं म्हणाल तर धोका वाढतो, पण होणारच असं नाही. जनुकाची अक्षरं तीच राहतात. त्यावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक ठिपके बसतात आणि ते जनुक किती बोलणार हे बदलतं. त्यात खाण्यापिण्याचाही वाटा असतो.

वऱ्हाडी माय:
मलाही झालं होतं. भात निम्मा, उसळ दुप्पट, जेवल्यावर अंगणात फेऱ्या. तरी शेवटी इन्सुलिन लागलंच. घाबरू नको बाई, ते वारेतून बाळापर्यंत जात नाही.

सांगलीकरीण:
@उंदीर, म्हणजे पेढे चालतील?

प्रयोगशाळेतला उंदीर:
नाही! पेढ्यांनी हा आजार झाला नाही, पण आता ते शुगर चढवतील. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दिवस राहण्याआधीपासून बायकांना पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला होता. त्यांच्यात हा डायबेटिस 7.3 टक्के, बाकीच्यांत 12.4. खायचंच तर ते खा.

वऱ्हाडी माय:
आणि बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोजची टेस्ट पुन्हा कर. तेव्हा सगळं घर बारशात आणि डिंकाच्या लाडवांत गुंग असतं, बाळंतिणीची शुगर कुणाच्या ध्यानात राहत नाही. पुढे कायमचा डायबेटिस व्हायचा धोका आपल्याला इतर बायकांच्या कितीतरी पट असतो. तारीख आत्ताच फाईलवर लिहून ठेव.