इजिप्तच्या लिपीला ‘चित्रलिपी’ म्हणणं बरोबर आहे का?

शिलालेखप्रेमी
मुलीने शाळेच्या प्रकल्पात लिहिलं, ‘इजिप्तचे लोक चित्रं काढून गोष्ट सांगत, म्हणून ती चित्रलिपी.’ तिला काय बोलणार? आपला शब्दच तसं सांगतो.

या लिपीसाठीचा ‘हायरोग्लिफ’ हा शब्द मूळचा ग्रीक. हिएरोस म्हणजे पवित्र, ग्लिफेइन म्हणजे कोरणं. चित्राचा त्यात उल्लेखच नाही. इजिप्तचे लोक स्वतः तिला ‘मेदू नेचेर’ म्हणत, म्हणजे देवाचे शब्द.

राजाच्या नावाआधी बदक आणि सूर्याचं वर्तुळ कोरलेलं दिसतं. तिथे बदकाचा काही संबंध नाही. बदकाच्या चिन्हाचा उच्चार ‘सा’, आणि ‘सा’ म्हणजे मुलगा. वर्तुळ म्हणजे सूर्यदेव रा. वाचायचं ‘रा देवाचा पुत्र’. आपण ‘कर’ म्हणजे सारा लिहायला हाताचं चित्र काढावं, तसं हे. मी तरी ‘देवाक्षरं’ म्हणेन.

नदीकाठ
अजिबात पटलं नाही. व्युत्पत्तीवरून शब्द बाद करायचे तर ‘लिपी’चं काय कराल? अशोकाच्या शाहबाझगढीच्या लेखात ‘लिपी’ऐवजी ‘दिपि’ आहे, जुन्या इराणीतून आलेला. आपण त्याचं नातं लिंपण्याशी जोडलं, म्हणून तो चुकीचा झाला का?

आणि ‘देवाक्षरं’ का? अगदी सुरुवातीच्या राजांच्या काळात तेलाच्या भांड्यांना बांधायच्या हस्तिदंती चिठ्ठ्यांवरही हीच चिन्हं आहेत. ग्रीक आले तेव्हा रोजचं लिखाण डेमोटिक या भरभर लिहायच्या लिपीत चाले, ही चिन्हं देवळांच्या भिंतींवर उरली होती. त्यांना ती पवित्र वाटली, एवढंच.

शिवाय चित्र आहेच की! घराचा आराखडा, त्याखाली तोंड, शेवटी चालणारे दोन पाय: हा ‘बाहेर पडणे’ असा शब्द. घर नि तोंड उच्चारासाठी, पण पाय उच्चारायचेच नाहीत. ते फक्त डोळ्यांना सांगतात की हे चालण्याबद्दल आहे. याला चित्र नाही तर काय म्हणायचं?

जुनी_पाटी
नदीकाठ, ‘चित्र’ म्हटल्याने केवढं नुकसान झालं तेही बघा. या चिन्हांचे अर्थ सांगणाऱ्या, होरापोलोच्या नावावरच्या जुन्या ग्रंथात त्या बदकाचा अर्थ ‘मुलगा’ असा बरोबर दिलाय. पण कारण? म्हणे हा पक्षी पिल्लांवर फार माया करतो! युरोपातले विद्वान शतकानुशतकं असेच गूढार्थ शोधत बसले. एकच मजकूर ग्रीकमध्ये आणि इजिप्तच्या लिप्यांत असलेला रोझेटाचा शिलालेख १७९९ मध्ये सापडला, आणि १८२२ मध्ये फ्रेंच विद्वान शांपोल्यिओंनी दाखवून दिलं की ही चिन्हं उच्चारही सांगतात. टॉलेमी राजाच्या नावातला बसलेला सिंह म्हणजे नुसता ‘ल’. शौर्यबिर्य काही नाही.

नदीकाठ
सिंहाचं मान्य. पण शांपोल्यिओंनीच त्या पायांसारखी अर्थसूचक चिन्हंही वेगळी काढून दाखवली, ते का गाळता?

शिलालेखप्रेमी
पायांचा मुद्दा मी सोडून दिला होता, ती माझी चूक. ‘देवाक्षरं’चा हट्टही सोडतो. पण ‘चित्रलिपी’ला माझा विरोध कायम आहे, त्यापेक्षा सरळ ‘हायरोग्लिफ’ लिहू. प्रकल्पात बदकाशेजारी ‘सा’ लिहायला मुलीला आजच सांगतो, आणि खाली ते दोन पायही काढायला.