सामुराई घराण्यांच्या काल्पनिक युद्धासाठी कोणता खरा इतिहास वाचावा?

दीपमाळ:
एका काल्पनिक साम्राज्यातील दोन सामुराई घराण्यांच्या युद्धावर मी कादंबरी लिहीत आहे. राजधानी, नकाशा, डोंगरातील देवता हे सर्व ठरले आहे; युद्ध मात्र दोन रंगांच्या सोंगट्यांसारखे सपाट होत आहे. जपानच्या इतिहासातील कोणते युद्ध आधी अभ्यासावे आणि त्यातून नेमके काय घ्यावे, हे जाणकारांनी सुचवावे.

सह्यकडा:
११८० ते ११८५ या काळातील गेनपेई युद्धापासून आरंभ करावा. ताइरा आणि मिनामोतो ही दोन घराणी, एकाची निशाणे तांबडी, दुसऱ्याची पांढरी. त्यामुळे वरवर पाहता आपल्याला नको असलेला सपाटपणाच तेथे दिसेल. आत शिरल्यावर चित्र पालटते. ११६० मध्ये ताइरा कियोमोरीने पराभूत मिनामोतो शत्रूचा पोरवयाचा मुलगा योरितोमो याला ठार न मारता इझू प्रांतात हद्दपार केले, आणि वीस वर्षांनी त्याच मुलाने कियोमोरीच्या घराण्याविरुद्ध उठाव केला. योरितोमोचा सासरा होजो तोकिमासा स्वतः ताइरा वंशाचा असूनही जावयाच्या बाजूने उभा राहिला. उलट योरितोमोचा चुलत भाऊ योशिनाका याने ११८३ मध्ये राजधानी क्योतो जिंकली, तेव्हा पुढच्याच वर्षी मिनामोतोंच्याच फौजेने त्याला संपवले. दान-नो-उराच्या सागरी लढाईत विजय मिळवून देणाऱ्या योशित्सुनेलाही थोरल्या भावाने, म्हणजे योरितोमोनेच, पुढे जगू दिले नाही. आपल्या कादंबरीतही खरे वैर घराण्याच्या आत असू द्यावे. आणखी एक गोष्ट: सम्राटाला पदच्युत करून कोणी स्वतः गादीवर बसले नाही. कियोमोरीने आपला नातू आंतोकू याला गादीवर बसवले. योरितोमोने ११९२ मध्ये शोगुन, म्हणजे सर्वोच्च लष्करी शासक, हे पद घेतले. गादी तशीच ठेवून सत्ता हाती घेण्याची ही रीत दरबारी प्रसंगांना फार उपयोगी पडेल.

शाईदौत:
सह्यकडा यांचे म्हणणे मान्य आहे, तथापि माझा कौल ओनिन युद्धाला, म्हणजे १४६७ ते १४७७ या दशकाला आहे. होसोकावा कात्सुमोतो आणि यामाना सोझेन हे जावई-सासरे क्योतोमध्येच समोरासमोर तळ ठोकून लढले. वाद शोगुनच्या वारशाचा होता. परंतु शोगुनच्या ज्या भावाची बाजू होसोकावा घेत होता, तो योशिमी मध्येच यामानाच्या छावणीत गेला. १४७३ मध्ये दोन्ही सेनापती मरण पावले, तरीही युद्ध चार वर्षे चालले, राजधानीचा मोठा भाग जळाला आणि निर्णायक विजय कोणालाच मिळाला नाही. शेवटी विजयोत्सव नको असेल, तर हाच नमुना घ्यावा.

दीपमाळ:
दोघांचेही आभार. लढाईच्या प्रसंगात तलवारीला किती महत्त्व द्यावे?

सह्यकडा:
गेनपेईच्या धर्तीवर लिहिणार असाल, तर कमीच. त्या काळचा सामुराई मुख्यतः घोड्यावरचा धनुर्धर होता. त्यापेक्षा धान्याकडे लक्ष द्यावे, कारण ११८१-८२ च्या दुष्काळामुळे ते युद्ध जवळजवळ थांबले होते, आणि उपाशी फौजेचा एक हिवाळा लिहिला तर आपल्या नकाशातील भातखाचरे आपोआप कथानकात येतील.